तारा लावल्यावर घट्ट बसलेला दात हाडातून सरकतो तरी कसा?

दात हाड फोडून सरकत नाही. त्याच्या पुढचं हाड झिजतं आणि मागे नवं तयार होतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिमी जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेमुळे दाब पडतो त्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमतात, ताण पडतो तिथे हाड बांधणाऱ्या. वेग महिन्याला जेमतेम १ मिमी. म्हणूनच ‘डॉक्टर, जरा जास्त घट्ट करा, लवकर उरकू’ हा हट्ट उलटा पडतो: अति दाबाने तिथला रक्तपुरवठाच थांबतो आणि दात अडून बसतो. बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, हेच शिकवतात. मात्र हे दातांपुरतं. जबडाच पुढे-मागे असेल, तर वाढत्या वयातल्या मुलांना उपकरणांचा उपयोग होतो. मोठ्यांना फरक जास्त असल्यास शस्त्रक्रियाच लागते.