मेंदू पूर्ण कळायच्या आधी बुद्धिमान यंत्र बनवता येईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मेंदूचं कोडं सुटायच्या आधी बुद्धिमान यंत्र होईल का, आणि बी.एस्सी.नंतर मेंदूविज्ञान घ्यावं की संगणक. मी इंदूरला पोरांना प्रोग्रामिंग शिकवतो. मेंदूवरचं वाचन हौसेचं, तेवढ्या बेतानं घ्या.

होईल. काही अंशी झालंच आहे. पण मेंदूवाले आणि यंत्रवाले एकमेकांकडून उसनवारी करत इथवर आलेत, आणि खरी गंमत त्या उसनवारीत आहे.

आमची पुण्याची मावशी इंदूरला पहिल्यांदा आली, तेव्हा सकाळी पोहे-जलेबी आणली. आमचे पोहे वाफेवरचे, वर शेव आणि जीरावन मसाला. पहिल्याच घासाला मावशी खूश. आठवड्याभरात मात्र पुडी सोडतानाच्या वासालाच खुलायची, खाताना विशेष काही नाही. एके दिवशी दुकानदार जीरावन भुरभुरायला विसरला, तर "आज काही मजा नाही" म्हणून तिने बशी सरकवली. पोहे वाईट नव्हते हो! धरलेली अपेक्षा हुकली होती.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींत नेमकं हेच दिसलं. अचानक रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळत. आधी दिवा, मग रस, हे माकडाच्या अंगवळणी पडल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या, रसाला नाही. दिवा लागून रस आलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता त्या क्षणी त्यांची नेहमीची धुगधुगीही मंदावे.

मिळालं किती वजा वाटलं होतं किती, हा हिशेब संगणकवाल्यांच्या वहीत आधीच होता. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी तो 1980 च्या दशकात यंत्रांना शिकवण्यासाठी मांडला, आणि त्याचं मूळ प्राणी कसे शिकतात याच्या मानसशास्त्रात होतं. 1997 साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी दोन्ही टोकं जोडून दाखवली. विद्या मानसशास्त्रातून संगणकात गेली आणि तिथून मेंदूविज्ञानात परतली. 2016 साली गो या पटावरच्या खेळात अव्वल खेळाडू ली सेडोलला 4-1 हरवणारा अल्फागो हा प्रोग्रामही हार-जितीवरून शिकण्याच्या याच घराण्यातला.

राहिलं ते 'पूर्ण कळणं'. सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा एक जंत आहे. त्याच्या चेतापेशी 302, आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा 1986 सालीच छापून आला. तरी नुसत्या नकाशावरून तो आता कुठे वळेल हे सांगता येत नाही. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे 86 अब्ज. तो मुहूर्त लागेपर्यंत यंत्रवाले हात बांधून कशाला बसतील?

अभ्यासाचं म्हणाल, तर नोकरीपुरतं बघायचं असेल तर संगणक घ्या, विषय संपला. या मधल्या वाटेवर काम करायचं असेल, तर दोन्हींतलं काहीही चालेल, पण संभाव्यता आणि रेषीय बीजगणित टाळू नका. डायन आणि माँटेग्यू गणित घेऊन आले, म्हणून माकडांच्या त्या आलेखांचा अर्थ लागला. मेंदूविज्ञान घेतलंत तर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा या सुट्टीतच सुरू करा. संगणक घेतलात तर मानसशास्त्राचा एखादा ऐच्छिक पेपर मिळतो का, ते प्रवेशाआधी विचारून ठेवा.