वडिलांना डायबेटीस आहे आणि जुलाब सुरू आहेत. साखर नसलेलं ओआरएस मिळतं का?

साखर काढून घेतली की ते ओआरएस राहत नाही, खारट पाणी उरतं. तुम्ही विचारलंय की साखर चवीपुरतीच असते ना, मग वडिलांसाठी मिठाच्या पाण्यात शुगर-फ्रीची गोळी विरघळवली तर चालेल का. नाही चालणार. पावसाळा लागला की मुंबईत घराघरांत हा समज डोकं वर काढतो आणि त्याचेच भाऊबंद याहून घातक आहेत, म्हणून थोडं लांबून सांगतो.

आतड्यातून पाणी ओढून घेणारा पंप शरीरात नाही. पाणी क्षारांच्या मागोमाग जातं. म्हणजे पाणी रक्तात यायचं तर आधी सोडियम पेशीत शिरायला हवं आणि पेशीचं आवरण स्निग्ध असल्यामुळे भारित सोडियम त्यातून आपणहून आरपार जात नाही, त्याला प्रथिनांचे दरवाजे लागतात. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं असं एक वाहक प्रथिन असतं. ते बँकेच्या लॉकरसारखं आहे, दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू बसला की ते आतल्या बाजूला वळतं आणि तिघांनाही सोडतं. त्याला लागणारा जोर येतो पेशीच्या मागच्या, रक्ताकडच्या बाजूच्या पंपातून. हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि आतड्यातलं सोडियम आत यायला टपलेलं असतं. ते ग्लुकोजसह आत आलं, मागून रक्तात गेलं, की पाणीही त्याच वाटेने जातं.

सुक्रालोज, म्हणजे शुगर-फ्रीसारख्या गोळ्यांतला साखरेऐवजीचा गोड पदार्थ, जिभेला गोड लागतं, या वाहकाला नाही. तो गोडी ओळखत नाही, ग्लुकोजचा आकार ओळखतो.

कॉलराचं विष आतड्याच्या पेशींतून क्लोराइड आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, साध्या मिठाच्या शोषणाची एक मोठी वाट बंद करतं, पण या वाहकाला हात लावत नाही. सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडी अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग इथे मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून लोकांना पाजलं आणि माणसं वाचली.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसलो ती. आमच्या इमारतीत जुलैमध्ये एका दोन वर्षांच्या मुलाला जुलाब लागले. वजन 11 किलो. घरातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी लिटरभर पाण्याची अख्खी पुडी एका पेल्यात कालवली. कारण काय, तर ‘घट्ट केलं की लवकर ताकद येते’. मूल तहानलेलं होतं, प्यायलं. जुलाब वाढले. मग ‘बघा, अजून कमी पडतंय’ म्हणून दुसरी पुडी, पुन्हा एका पेल्यात. रात्री पोर चिडचिडं झालं, किंचाळल्यासारखं रडू लागलं, मध्येच सुस्त पडायचं. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम 164, म्हणजे धोक्याइतकं जास्त.

हिशोब बघा. नीट बनवलेल्या ओआरएसमध्ये लिटरमागे 75 मिलिमोल सोडियम, 75 ग्लुकोज, 65 क्लोराइड, 20 पोटॅशियम, 10 सायट्रेट असतं, एकूण 245. रक्तात असे विरघळलेले कण असतात 285 ते 295 च्या आसपास. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा किंचित पातळ, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. जुना फॉर्म्युला 311 चा होता, तो 2002 मध्ये उतरवला. तीच पुडी 200 मिलीत घातली की सोडियम 375 आणि एकूण 1225. रक्ताच्या चौपट. असलं पाणी आतड्यात पोचलं की रक्तातलंच पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, म्हणून जुलाब वाढले. वर जे सोडियम शोषलं गेलं त्यानं मेंदूच्या पेशींतलं पाणी खेचलं, म्हणून ते रडणं. आणि हे घाईने उतरवताही येत नाही. सोडियम चोवीस तासांत साधारण 10 ते 12 पेक्षा जास्त खाली आणलं, तर आक्रसलेल्या पेशी फुगतात आणि झटके येतात. मूल सावरलं, पण त्यासाठी डॉक्टरांना सलाइन मोजूनमापून, हळूहळू चालवावं लागलं.

त्या गृहस्थांचं म्हणणं आजही तेच आहे, की पोराला ‘पावडर बाधली’. पावडर नाही बाधली. पाणी कमी पडलं. तुमच्या घरीही असं कुणी असेल तर पुडी त्यांच्या हातात देऊ नका. पुडीवर लिहिलेलं पाण्याचं माप पाळा. लिटरची असेल तर लिटरची बाटली भरून घ्या, छोटी असेल तर 200 मिली मोजा, घरातला पेला तेवढाच असेल असं धरू नका. दूध, सरबत, आणखी साखर, काही मिसळायचं नाही. केलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सहा चमचे जास्त वाटतात, पण घरच्या साखरेचा निम्मा भागच ग्लुकोज असतो. उरलेलं फ्रुक्टोज दुसऱ्या दाराने जातं, सोडियमला मदत करत नाही. 25 ग्रॅम साखरेतून साधारण 13 ग्रॅम ग्लुकोज मिळतं आणि पुडीत आहे 13.5. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते, कारण तिच्यातल्या स्टार्चचं ग्लुकोजच होतं. शहाळ्यात सोडियम फार कमी, कोलात साखर फार जास्त. नावात ओआरएस मिरवणारी गोड टेट्रापॅक पेयं तर नकोच. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, असं नाव लावायला मनाई केली ते बरं झालं.

वडिलांचं म्हणाल तर 200 मिली ओआरएसमध्ये ग्लुकोज जातं 2.7 ग्रॅम, एका चमचा साखरेहूनही कमी. दिवसभरात दोन लिटर प्यायले तरी 27 ग्रॅम. घोट घोट द्या, प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर, तहान असेल तर जास्त. पाणी कमी झाल्यानेही साखर चढते आणि ती 180 च्या वर गेली की लघवीवाटे आणखी पाणी जातं. त्यामुळे साखरेच्या भीतीने ओआरएस बंद ठेवणं हाच जास्त धोका आहे. ग्लुकोमीटर असेल तर दर चार-सहा तासांनी बघा.

एक राहिलं. त्यांच्या गोळ्यांच्या नावात शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, किंवा मेटफॉर्मिन चालू असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. जुलाब-उलट्यांत या गोळ्या बहुधा तात्पुरत्या थांबवतात. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. किडनीचा किंवा हार्ट फेल्युअरचा त्रास असेल तर किती प्यायचं हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या, पुडीत पोटॅशियम असतं. उलट्या थांबत नसतील, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, शौचात रक्त असेल किंवा ते गुंगीत वाटत असतील तर थेट हॉस्पिटल गाठा.