गोव्यातलं लग्न, न्यू जर्सीचे वऱ्हाडी आणि फोटोग्राफर कुठला?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीचं लग्न डिसेंबरात दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टवर ठरलंय. मुलाकडचे पुण्याचे. मुलीला इथल्याच एका फोटोग्राफरचं काम आवडलंय आणि तो गोव्याला यायला तयार आहे. व्याह्यांचं म्हणणं, पुण्याचा माणूस घ्या, त्याला आपले विधी कळतात. रिसॉर्टवाले म्हणतात, आमच्या यादीतला स्थानिक घ्या. तिघांचे नमुने पाहिले, तिन्ही सुंदरच दिसतात. निवडायचं कसं?

उत्तर : तिन्ही सुंदर दिसणारच. नमुन्याला ठेवलेले चाळीस-पन्नास फोटो कितीतरी लग्नांतून वेचलेले असतात. त्यातून एवढंच कळतं, की या माणसाला चांगला फोटो ओळखता येतो. म्हणून तिघांकडेही एकच गोष्ट मागा : एका लग्नाची अख्खी गॅलरी, सकाळच्या पहिल्या फोटोपासून रात्रीच्या शेवटच्यापर्यंत, यजमानांना दिली तशीच. शक्यतो त्यानं स्वतःच्या गावाबाहेर जाऊन केलेल्या लग्नाची. खाजगीपणाचं कारण सांगितलं तर ते रास्तच आहे. मग व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखव म्हणावं. त्यालाही नाही म्हणाला, तर नाव खोडा.

गोव्यापुरतं माझं मत आधीच सांगून टाकते. पुण्या-मुंबईचा, मराठी लग्नं केलेला आणि बाहेरगावी काम करायची सवय असलेला माणूस घ्या. ही शेवटची अट सोडू नका. पुण्यातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षं उत्तम काम करणारा माणूस गोव्यात चाचपडू शकतो, कारण तिथे चार्जर विसरला तर घरून आणायला धाकटा भाऊ नसतो.

मुलीच्या पसंतीचा अमेरिकन फोटोग्राफर कितीही गुणी असला, तरी भारताच्या टुरिस्ट व्हिसावर येऊन पैसे घेऊन काम करता येत नाही. ‘पाहुणा म्हणून येतो, कोण विचारतंय’ असं तो म्हणेल. पण दोन बॅगा भरून कॅमेरे घेऊन आलेल्या पाहुण्याला विमानतळावर विचारलं गेलं, तर तुमचं लग्न अडतं, त्याचं नाही. तो ड्रोन आणणार असेल तर आणखी पंचाईत. भारताने फेब्रुवारी 2022मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद. त्यात हिवाळ्यात वेळेचा फरक साडेदहा तासांचा. झोप पुरी होऊन हात स्थिर व्हायचा तर त्याला दोन-तीन दिवस आधी यावं लागणार आणि त्या दिवसांचा खर्च तुमच्याच माथी. मुलीचं मन मोडू नका. परतल्यावर न्यू जर्सीत मित्रमंडळींसाठी रिसेप्शन कराल ना? ते त्याला द्या.

रिसॉर्टच्या यादीतल्या माणसाला जागा पाठ असते, ऊन कुठून येतं ते माहीत असतं. ही जमेची बाजू. पण यादीत नाव कशामुळे आलं हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. शिवाय काही रिसॉर्ट बाहेरचा फोटोग्राफर आणल्यास वेगळं शुल्क लावतात. ते असेल तर किती, हे आत्ताच ईमेलवर लिहून घ्या.

आता विधी कळण्याबद्दल. व्याही म्हणतात ते खरं आहे, पण ते नुसत्या भावनेपोटी खरं नाही. आपल्या लग्नातला मुख्य क्षण फार थोडा वेळ टिकतो. मंगलाष्टकं सुरू झाली की मावश्या-आत्या आपापल्या चालीत स्वतः रचलेली म्हणत असतात. नवखा फोटोग्राफर रमून त्यांचेच फोटो काढत बसतो, नाहीतर याच वेळी लेन्स बदलायला घेतो. मग गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू करतात. जाणकार माणूस हे शब्द कानावर पडताच जागा धरतो, कारण त्यानंतर अंतरपाट बाजूला होतो, माळा पडतात, अक्षतांचा मारा होतो, वाजंत्री सुरू होते आणि अर्ध्या मिनिटात सगळे नातेवाईक मोबाइल उंचावून स्टेजकडे सरकलेले असतात. अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर उभी असतात, त्यामुळे एका कॅमेऱ्यात एकाचाच चेहरा येतो. दुसऱ्याची पाठ. अंतरपाट सरतानाचे दोन्ही चेहरे हवे असतील तर दोन फोटोग्राफर लागतात, व्हिडिओवाला वेगळा. ‘मी एकटा पुरेसा आहे’ म्हणणाऱ्याला विचारा, त्या क्षणी तू कुठे उभा राहणार? उत्तर पटलं तर ठीक.

आणखी एक परीक्षा सांगते. तुमच्याकडे सूनमुख होणार असेल, तर आधीच्या लग्नांतले सूनमुखाचे फोटो मागा. सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते, तेव्हा त्या आरशात फोटोग्राफरही दिसतो, कधी त्याचा फ्लॅश दिसतो, कधी छताचा पंखा. ज्यानं हा विधी आधी टिपलाय तो तिरका उभा राहतो आणि दोघींचे चेहरे मिळवतो. कानपिळीचंही तसंच. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान कधी पिळणार हे कुणी माइकवरून सांगत नाही.

रंगांकडे नीट बघा. सध्या फोटो फिकट, दुधाळ करायची फॅशन आहे, किंवा उलट सगळं तपकिरी-काळपट. परदेशी समुद्रकिनाऱ्यावरच्या पांढऱ्या गाऊनला ते शोभत असेल. आपल्याकडे त्यात हिरवा चुडा राखाडी होतो, मामाकडची पिवळी साडी मळकट दिसते आणि पैठणीची जर मरते. अख्खी गॅलरी समोर असेल तेव्हा बांगड्यांचा हिरवा हिरवाच दिसतोय का आणि सावळ्या माणसांचे चेहरे सावळेच राहिलेत का, हे पाहा. हळदीच्या फोटोंत सगळेच कावीळ झाल्यासारखे दिसत असतील तर रंगसंगती त्याच्या हातात नाही असं समजा.

गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुहूर्त सकाळी अकरा-साडेअकराचा असेल तर ऊन डोक्यावर, मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर. मांडवाचं छत लाल किंवा भगव्या कापडाचं घेतलंत तर त्याखाली सगळे लालबुंद दिसतील. पांढरं किंवा फिकट कापड बरं. हे डेकोरेटरला सांगायचं काम फोटोग्राफरचं आहे, आणि चांगला फोटोग्राफर ते स्वतःहून विचारतो. गोरज मुहूर्त असेल तर उजेड बघता बघता जातो, तेव्हा दिव्यांची काय सोय आहे ते विचारा. संगीत उघड्यावर असेल तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. म्हणजे नाचाचे फोटो हवे असतील तर कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायला हवा. दोष मग फोटोग्राफरला देऊ नका.

प्रवासाचं म्हणाल तर निम्मं काम तिथेच आहे. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत : जुना दाबोळी आणि उत्तरेला पेडण्याजवळ मोपा, जो 2023च्या जानेवारीत सुरू झाला. तुमचं रिसॉर्ट दक्षिणेला. स्वस्त तिकीट म्हणून टीम मोप्याला उतरली, तर तिथून गाडीने दोन तास तरी धरा. तिकिटं तुम्ही काढणार असाल तर दाबोळीचीच काढा. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा साधारण सात किलो असते आणि कॅमेरे-लेन्सचं वजन त्याहून जास्त भरतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर चेक-इन बॅगेत टाकताच येत नाहीत. तेव्हा सामान कसं आणणार, हा प्रश्न मुद्दाम विचारा. पुण्याच्या टीमने स्वतःच्या गाडीने यायचं ठरवलं तर मला ते जास्त आवडेल. स्टँड, दिवे, जादा कॅमेरा, सगळं सोबत येतं.

टीम आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचलीच पाहिजे, ही अट करारात घाला. सकाळच्या विमानाने येऊन अकराचा मुहूर्त गाठणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

खर्चाच्या आकड्यात काय धरलंय आणि काय नाही, ते एकेक विचारा : तिकिटं, खोल्या, जेवण, गाडी, जादा तास, जादा दिवस. जीएसटी नोंदणी असेल तर वर 18 टक्के लागतील. पहिल्या आकड्यात हे बहुतेक वेळा नसतं आणि मग शेवटी कुरबुर होते. टीमच्या जेवणाची वेळही ठरवून द्या. पाहुण्यांच्या पंगती उठेपर्यंत उपाशी ठेवलेला माणूस विहिणीच्या पंगतीचे फोटो कसे काढणार?

करारात तीन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली, प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. मोठ्या स्टुडिओची एकाच तारखेला तीन-चार लग्नं असतात. तुम्ही भेटलात एकाला आणि आला दुसराच, असं व्हायला नको. दुसरी, फोटोंची प्रत. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारे कॅमेरे हवेत, आणि रिसॉर्ट सोडण्यापूर्वी सगळ्या मूळ फाइल्सची एक हार्ड डिस्क तुमच्या हातात पडली पाहिजे. काही जण कच्च्या फाइल्स द्यायला नाखूश असतात. त्यांना सांगा, ‘आम्ही त्या कुणाला दाखवणार नाही. परतीच्या रस्त्यात तुमची बॅग हरवली तर, एवढ्यासाठी हव्यात.’ डिस्क तुम्ही आणून द्या आणि ती न्यू जर्सीला न्या.

तिसरी, हक्क. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा असतो, करारात उलट लिहिलं नसेल तर. अमेरिकेत नेमकं उलट आहे. वेगळा लेखी करार नसेल तर हक्क फोटोग्राफरकडे राहतो आणि तुम्हाला वापरायची परवानगी मिळते. तुम्ही अमेरिकेच्या पद्धतीला सरावलेले असाल, तर पुण्याच्या स्टुडिओने पाठवलेल्या इंग्रजी करारावर न वाचता सही कराल. त्यात हक्क स्टुडिओकडे वळवणारं वाक्य आहे का, ते शोधा. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला तुमची हरकत नसली, तरी लहान मुलांचे नकोत आणि तुमच्या हाती पडण्याआधी नकोत, एवढं लिहून घ्या.

पैशांचं म्हणाल तर वाद झाल्यावर न्यू जर्सीत बसून पुण्याच्या कोर्टात कुणी जात नाही. हाती राहतो तो शेवटचा हप्ता. थोडा का होईना, तयार फोटो मिळाल्यावर देण्यासाठी राखून ठेवा, आणि फोटो कधी मिळणार त्याची तारीख घाला.

व्हिडिओबद्दल एकच सांगते. आपल्याकडचे उखाणे म्हणजे फिल्मचा जीव. संपादकाला मराठी येत नसेल तर तो नेमका नाव घेण्याआधी उखाणा कापतो आणि त्यावर सिनेमाचं गाणं टाकतो. गुरुजींच्या उपरण्याला आणि उखाणे घेणाऱ्यांच्या हाती माइक द्या. संपादन करणाराही मराठी जाणणारा हवा. थेट प्रक्षेपणाचं फोटोग्राफर ‘करून देऊ’ म्हणतात, पण ते रिसॉर्टच्या इंटरनेटवर अवलंबून असतं, तेव्हा चाचणी आदल्या दिवशी घ्या. सकाळी 11.42चा मुहूर्त म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे 1.12, जागून बसलेल्या आजोबांना गोल फिरणारं चक्र नको.

याच सदराच्या वाचकांपैकी कुणाचं लग्न इटलीत किंवा स्पेनमध्ये असेल, तर हिशेब फिरतो. भारतातून फोटोग्राफर न्यायचा तर त्याला शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांआधी करताच येत नाही. म्हणजे वर्षभर आधी आगाऊ रक्कम दिली तरी व्हिसाचं मधे लटकलेलंच. पैसे घेऊन काम करायला कुठला व्हिसा चालतो, हे त्यानं त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी आणावं. नाकारला गेला तर कोण येणार आणि किती पैसे परत, तेही करारात हवं. महागड्या सामानासाठी एटीए कार्नेट नावाचं तात्पुरत्या नेआणीचं कागदपत्र असतं. भारतात ते फिक्की या उद्योग-व्यापाऱ्यांच्या महासंघाकडून मिळतं. एवढी यातायात नको असेल तर तिथलाच चांगला फोटोग्राफर घ्या आणि विधींचा क्रम कळणारा एक भाचा दिवसभर त्याच्या बाजूला उभा करा.

तो भाचा गोव्यातही लागेल, बरं का. फोटोग्राफरला मामा कोण आणि मामेसासरे कोण हे कसं कळणार? कुणाकुणाचा एकत्र फोटो हवाच, त्याची यादी दोन्ही घरांकडून आत्ताच मागवा, वीस गटांच्या वर जाऊ देऊ नका, आणि जेवणं सुरू व्हायच्या आत ते फोटो उरकून घ्या. वयस्कर मंडळींचे सगळ्यात आधी.