अली फारका तुरेंची गिटार शिकताय?

आधी 'निआफुंके' (१९९९) ऐका. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या या गिटारवादकाचं हे गाव. अल्बम तिथेच ध्वनिमुद्रित झाला आणि २००६ मध्ये त्यांचं दफनही तिथेच झालं. मग गिटार उचला.

- अंगठ्याने खर्जाची एकच तार छेडत राहा, तानपुऱ्यासारखी. धून तर्जनीने.
- कॉर्ड बदलू नका! नवे लोक याला ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) समजून त्याचा बारा बारचा, म्हणजे बारा आवर्तनांत ठरलेल्या कॉर्ड बदलण्याचा, साचा लावतात आणि सगळं विस्कटतं. अली लहानपणी एका तारेच्या वाद्यावर शिकले. त्यांची धून बहुधा एकाच आधारसुरावर फिरते.
- मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, चार सुरांचा तुकडा, दहा मिनिटं. घाई केलीत की अंगठा धुनेच्या मागे पळतो, खर्ज तुटतो. तसं झालं तर ५० वर या.

वेगळं ट्युनिंग, सहाच्या लयीचे ठेके सध्या राहू द्या.