५ टनी मिनी एक्स्कॅव्हेटर ट्रेलरवर बांधायला दोन साखळ्या पुरतील का?

नाही. किमान चार लागतात, चार कोपऱ्यांना एकेक, आणि बूम-बकेटसाठी (खोदायचा हात आणि त्याची बादली) पाचवी वेगळी. बकेट डेकवर, म्हणजे ट्रेलरच्या सपाट तळावर टेकवूनच बांधा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडलेला बूम वाटेत हलतो.

१० मिमी, ग्रेड ८० (पोलादाच्या ताकदीचा दर्जा) साखळीची सुरक्षित भारक्षमता साधारण ३.१५ टन असते. पण बाइंडर (साखळी आवळायचं साधन) किंवा डेकवरचा हुक त्याहून कमकुवत असेल तर त्याचाच कमी आकडा धरायचा. साखळी मशीनच्या टाय-डाउन पॉइंटला (बांधण्यासाठी दिलेली पक्की जागा) लावा, हायड्रॉलिक पाइप किंवा सिलिंडरला कधीच नको. पुढच्या साखळ्या पुढे, मागच्या मागे ओढतील अशा तिरक्या घ्या, डेकशी कोन ४५ अंशांहून कमी. उभी साखळी मशीन खाली दाबते, पण ब्रेक लागल्यावर पुढे सरकण्यापासून फारसं अडवत नाही.

बॉल-हिचचा (ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या गोळ्यावर अडकणारा) ट्रेलर असेल तर एकूण वजनाच्या १०–१५ टक्के भार हिचवर यायला हवा. मशीन फार मागे गेलं की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. ट्रॅकचा चिखल आधी काढा, नाहीतर तो वाटेत गळतो आणि साखळ्या सैल पडतात. म्हणूनच निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत थांबून बाइंडर पुन्हा आवळा. रॅचेट बाइंडर (दांडा मागेपुढे करून टप्प्याटप्प्याने आवळणारा) घ्या. लिव्हरवाला सुटताना दांडा तोंडावर येतो.