नेदरलँड्सला यायचंय? जरा ऐक

तू विचारलंस, "ताई, डच लोक खरंच एवढे मोकळे आणि सहिष्णू असतात का? मुलीला घेऊन यायचंय, भेदभाव तर नाही ना?" तेरा वर्षं अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये काढून सांगते, असतात. आणि म्हणूनच भेदभावाचा विषय त्यांच्यापाशी काढणं जड जातं.

इथे दिवेलागणीनंतरही खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत. रस्त्यावरून अख्खी बैठकीची खोली दिसते. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हा त्यातला भाव. देशाचंही स्वतःबद्दल हेच मत.

पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने माझा अहवाल "हा वाईट आहे" म्हणत सगळ्यांसमोर बाजूला सारला. रडू आलं, पण पुढे ती रीत आवडू लागली. पोटात एक, ओठांवर एक नाही. मग 5 डिसेंबरचा सिंटरक्लासचा, म्हणजे मुलांना भेटी वाटणाऱ्या संताचा सण आला. ऑफिसात मुलांसाठी त्याचा मदतनीस 'काळा पीट' आला, म्हणजे तोंडाला काळं फासलेला, लाल ओठांचा, कुरळा टोप घातलेला गोरा माणूस. मीही तोंडावर बोलले. तोच सहकारी म्हणाला, "पीट धुराड्यातून उतरतो, ती तिथली काजळी आहे." म्हटलं, मग कपडे परीटघडीचे कसे? सोमवारपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. (आता बहुतेक ठिकाणी पीटच्या गालावर खरोखरच काजळीचे डाग तेवढे असतात. बदलतात, पण आधी वर्षानुवर्षं भांडतात.)

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग माणसाच्या 'सावली'बद्दल बोलतो. स्वतःच्या चांगल्या प्रतिमेत जे बसत नाही, ते आपण पाठीमागे ढकलतो. देशही ढकलतात. तू वेंगुर्ल्याची, तुमच्याकडे डच वखार अजून पडक्या भिंतींनी उभी आहे. त्या व्यापाराच्या काळाला इथे 'सुवर्णयुग' म्हणत आले. गुलामगिरीबद्दल सरकारने माफी मागितली ती 19 डिसेंबर 2022 ला. सुरिनाम या डच वसाहतीतली गुलामी कायद्याने संपली होती 1863 मध्ये!

तुझ्या कामाची गोष्ट मात्र पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची. हजारो पालकांना ते अनुदान वाटणाऱ्या करखात्याने चुकीनेच फसवे ठरवलं. अर्जात बारीकशी चूक असली तरी सगळी रक्कम परत मागितली. संशयितांची छाननी करताना दुहेरी नागरिकत्वही बघितलं जात होतं. घरं मोडली, लोक कर्जात बुडाले. 15 जानेवारी 2021 ला सरकारने राजीनामा दिला, आणि मार्चच्या निवडणुकीत त्याच पंतप्रधानांचा पक्ष पुन्हा पहिला आला. मला सगळ्यात बोलकं हे वाटतं. "यंत्रणा चुकली," असं सगळे म्हणत होते. यंत्रणा म्हणजे कोण, ते कुणी विचारत नव्हतं. म्हणून करखात्याचं निळं पाकीट आलं की त्याच दिवशी उघड, पावत्या जपून ठेव आणि पगार बदलला तर अनुदानाच्या नोंदीतही लगेच बदल.

आणि हसू नकोस, आपलंही तेच आहे. इथल्या मराठी गणपतीत 'पुरोगामी महाराष्ट्रा'चं भाषण संपतं आणि प्रसादाच्या रांगेत नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग गाव. दोन्हींतून काय काढायचं असतं, ते तुला ठाऊक आहे. मी एकदा तिथेही बोलले. तिथे तर सोमवारनंतरही अबोला टिकला.

मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिने पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं, याचा सल्ला तिची शाळा देते. बाहेरून आलेल्यांच्या मुलांना हा सल्ला कधीकधी त्यांच्या कुवतीपेक्षा खालचा मिळतो, आणि देणारी बाई मनापासून प्रेमळ असते. चाचणीत जास्त गुण पडले तर सल्ला वर न्यायचा, असा आता नियम आहे. तो छापून सोबत ने. आवाज चढवू नकोस, पण "हा सल्ला चुकीचा आहे," असं सरळ तोंडावर सांग. रीत त्यांचीच आहे.