वाचकांचे प्रश्न : रोअनोकची माणसं गेली कुठे?

प्रश्न : अमेरिकेतल्या रोअनोक बेटावरची शंभरावर इंग्रज माणसं एका रात्रीत नाहीशी झाली, असा व्हिडिओ फिरतोय. खरं काय? – एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)

उत्तर : ‘एका रात्रीत’ हे आधी डोक्यातून काढून टाका. वसाहतीचा गव्हर्नर जॉन व्हाइट २७ ऑगस्ट १५८७ला रसद आणायला इंग्लंडकडे निघाला. स्पेनशी युद्ध आधीच सुरू होतं, त्यात जहाजं अडकली, आणि तो परतला १८ ऑगस्ट १५९०ला. या तीन वर्षांत माणसं नेमकी कधी हलली, याची नोंद नाही.

त्याला काय दिसलं, ते मात्र त्यानेच लिहून ठेवलंय. घरं उतरवून नेलेली. भोवती ओंडक्यांचा कोट. प्रवेशाजवळच्या खांबाची साल सोललेली आणि जमिनीपासून पाच फुटांवर ठसठशीत अक्षरांत ‘क्रोएटोअन’. दुसऱ्या एका झाडावर नुसतं ‘क्रो’. गवतात लोखंडी कांबी आणि शिशाच्या लगडी. जड सामान तेवढं मागे राहिलेलं. जागा सोडलीत तर ठिकाण कोरा, संकट असेल तर वर क्रूस काढा, असं आधीच ठरलं होतं. क्रूस नव्हता. जीव घेऊन पळणारी माणसं घरं उतरवत बसत नाहीत.

क्रोएटोअन म्हणजे दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवरचा आजच्या हॅटरस बेटाचा भाग. इंग्रजांचा मित्र मँटिओ तिथलाच. व्हाइट तिकडे निघणारही होता, पण वादळात नांगरांचे दोर तुटले आणि जहाज अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडे गेलं. मागे राहिलेल्यांत त्याची लेक, जावई आणि नात व्हर्जिनिया डेअर होती. व्हाइटला पुन्हा तिथे जाता आलंच नाही. पत्ता कोरून ठेवलेल्या माणसांना ‘गूढरीत्या गायब’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : तेव्हा तिथे दुष्काळ होता, हे झाडांवरून कसं कळलं? – एक शिक्षिका, मिरज

उत्तर : पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक नमुना काढतात, झाड जगतं. नमुना पॉलिश पेपरने घासून सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजतात. सालीजवळचं वलय चालू वर्षाचं, तिथून मागे जायचं. पाऊस कमी, तर वलय अरुंद. चूक होते ती एकाच झाडावर विसंबल्याने : कधी वलय पडतच नाही, कधी एका वर्षात दोन दिसतात. म्हणून अनेक झाडांची अरुंद-रुंद मांडणी जुळवूनच साल ठरवतात. तिथल्या बाल्ड सायप्रस झाडांवरून १९९८ मध्ये निष्कर्ष निघाला : १५८७ ते १५८९ ही गेल्या आठशे वर्षांतली सर्वांत कोरडी तीन वर्षं. मक्याच्या तुटपुंज्या साठ्यावर शंभर पाहुणे एका गावाला पोसवत नाहीत. दुष्काळात माणमधली माणसं जगायला बाहेर पडतात, तशीच ही पांगली असणार. आपल्याकडे सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत झालाय.

प्रश्न : ती नंतर कुठे राहिली, याचा पुरावा आहे का? – एक विद्यार्थी, विटा

उत्तर : दोन दिशांना आहे. हॅटरसवर त्या काळातल्या इंग्रजी वस्तू मिळाल्या. शिवाय २०१२ मध्ये व्हाइटच्याच नकाशावर चिकटवलेल्या कागदाखाली, रोअनोकच्या पश्चिमेकडच्या अल्बेमार्ल खाडीच्या पश्चिम टोकाला, किल्ल्याची खूण दिसली. तिथल्या परिसरात उत्खननात इंग्रजी भांड्यांचे तुकडे निघाले. पण वस्तू देवाणघेवाणीतूनही पोचते. तिथे माणसं राहिली म्हणायचं, तर चूल, घराच्या खांबांचे खड्डे किंवा दफन सापडायला हवं.